ओरडायची जागा

प्रिय दासोल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, कुणी गेलंबिलं तर नाही ना. कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, तिचा गुडघाही. पत्र लिहितेय कारण इथे पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गोळा केले. जेवणानंतर अर्धा तास मिळतात. त्या अर्ध्या तासात मी तुला तीनदा लावला, तू उचलला नाहीस. दोन वर्षं तू उचलत नाहीसच, आपण आईमार्फत बोलतो. कागद आमच्या दातांच्या दवाखान्यातला आहे. मागे दाढेचं चित्र आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. आणि मी थोडं पाल्हाळ लावीन, तेवढं सोस. जे सांगायचंय ते एकदम येत नाहीये.

मी जिरीसान डोंगराच्या पायथ्याशी आहे, हौशी लोकांच्या गाण्या-नाचाच्या शिबिरात. बारा दिवस, राहून-खाऊन. हस, मी थांबते.

झालं? बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत ठेवलंय आम्हाला. गावात मुलंच उरली नाहीत, तर शाळा गाणाऱ्यांना दिली. नळ अजून पहिलीतल्या मुलांच्या उंचीचे आहेत, त्यामुळे रोज पहाटे सतरा मोठी माणसं रांगेत ओणवी होऊन तोंड धुतात. उठवतात पाचला. बान बाई, म्हणजे आमच्या गुरू, वय वर्षं बहात्तर, स्वतः पातेल्यावर पळी बडवत व्हरांड्यातून फिरतात. मग सगळे ओढ्यावर. प्रत्येकाने आपला दगड धरायचा आणि पाण्याच्या वर आवाज चढवायचा. तुला हे काय सांगायचं, तू नऊ वर्षांची असल्यापासून दर उन्हाळ्यात हेच करायचीस. मी आईबरोबर तुला सोडायला आणि आणायला यायचे. सोडायला येणाऱ्याला डास चावत नाहीत, हे मला आत्ता कळलं. माझ्या पोटऱ्या बघशील तर घाबरशील.

आठ दिवस झाले आणि मला एक ओळ धड येत नाही. खोटं नाही सांगत. बाई ओळ म्हणतात, आपण तशीच म्हणायची. कागद नाही, काही नाही, तोंडातून कानात आणि कानातून तोंडात. माझी पाळी आली की बाई डोळे मिटतात. आधी वाटलं लक्ष देऊन ऐकतायत. मग कळलं, सहन करतायत. माझ्या शेजारी मल्सुन काकू बसतात, सुन्छनच्या बाजारात त्यांचं लोणच्या-भाज्यांचं दुकान आहे, अडुसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना हाका मारून त्यांचा घसा असा फाटलाय की बाईंना तो फार आवडतो. "हा घसा लोक डोंगरात वर्षानुवर्षं राहून कमावतात, आणि हिने तो मुळे विकून कमावला," असं म्हणतात. माझ्याबद्दल म्हणाल्या, "तुझा आवाज दवाखान्यासारखा आहे. स्वच्छ." सगळे हसले. मीही हसले, आणि मग संडासात जाऊन दाराला लाथ मारली. ते दारही लहान मुलांचं, कमरेएवढं, त्यामुळे लाथ मारताना मी सगळ्यांना दिसले.

दुपारी नाच. आधी लांब पांढरं कापड हातात घेऊन करायचा तो. कापड माझ्या हातात आलं की मी धुणं वाळत घालतेय असं दिसतं. हे माझं नाही, किल काकांचं म्हणणं आहे. किल काका म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, शिबिरातले एकुलते एक पुरुष, तळहातावर बॉलपेनने ठेके लिहून आणतात आणि घामाने ते पुसले की चुकतात. उन्हं उतरली की मैदानावर हात धरून गोल. एकजण गाते, बाकीचे झेलतात, चाल वाढत जाते. तोही मी दोनदा तोडला. मल्सुन काकूंच्या टाचेवर पाय देऊन देऊन त्यांना पट्टी बांधायला लावली. "पोरी," त्या म्हणाल्या, "तू माझ्यावर काही राग धरून आहेस का? आधी सांग, मी माफी मागते, पण पाय सोड." मी म्हटलं, नाही हो काकू. पण रात्रभर तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. राग धरून आहेस का.

चौथ्या दिवशी बाईंनी मला गाण्यातून काढलं. सगळ्यांसमोर. ढोलावरची काठी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ईसोल, तू काही दिवस गाऊ नकोस. तू फक्त ओरड." म्हणजे गाणारा श्वास घेतो त्या फटीत ऐकणाऱ्याने जी दाद टाकायची असते ना, ती. अस्सं. वा गं वा. ओल्सीगू. मला इतका अपमान वाटला. सोळा वर्षं मी ते ऐकत आले, थिएटरात, अंगणात, आजोबांच्या साठीला. दारू प्यायलेले म्हातारे करतात ते. त्याच्यासाठी मी वर्षाची सगळी सुट्टी घालवून इथे आले?

आणि गंमत म्हणजे मला तेही येईना. पहिल्यांदा मी शब्दावरच ओरडले, काकूंची ओळ मोडली. दुसऱ्यांदा इतकी उशिरा की पुढची ओळ सुरू झाली होती. तिसऱ्यांदा गाण्यातली आई हरवलेल्या लेकराला शोधत गावोगाव फिरतेय, आणि मी झोकात म्हणाले, "छान." बाईंनी ढोल थांबवला. "त्या बाईचं पोर हरवलंय आणि तुला छान वाटतंय?" किल काकांना इतकं हसू आलं की त्यांना बाहेर जावं लागलं. पुढचे दोन दिवस जेवणात काही सांडलं, कुणाला मधमाशी चावली, की सगळे माझ्याकडे बघून एका सुरात म्हणायचे, छान.

मी बाईंकडे गेले. सांगितलं, मला घरी जायचंय, माझ्याने हे होणार नाही. त्या पडवीत मक्याची कणसं सोलत होत्या. अर्धी माझ्यापुढे सरकवली. सोलता सोलता म्हणाल्या, "तुझा घसा कोरा आहे, ते ठीक. पण तुझे कान शिकलेले आहेत. तुला ओरडायची जागा बरोब्बर कळते. मी बघते ना, तुझी हनुवटी वर येते, श्वास आत जातो, आणि मग तू तोंड मिटतेस. आणि जागा गेल्यावर कुठेतरी ओरडतेस. कुणी सांगितलंय तुला गप्प बसायला?" मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, "मग तूच सांगितलं असशील." मी सगळी कणसं सोलली आणि राहिले.

काल काय झालं ते सांगते. संध्याकाळी सगळे वर्गात बसलो होतो, मल्सुन काकू उभ्या होत्या, हातात पंखा. चांगल्या चालल्या होत्या. आणि मधेच अडल्या. डोळे एकदम लहान मुलासारखे झाले. बाई ढोल वाजवत राहिल्या, एक आवर्तन, पुढे काहीच नाही. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. का माझ्याकडे, माहीत नाही, मी समोर होते म्हणून असेल. आणि माझ्या तोंडातून निघालं, "अस्सं, मग?" मोठ्याने. मी ठरवलं नव्हतं. काकूंनी श्वास घेतला आणि ओळ आली. पुढची आली, त्याच्या पुढची आली, संपेपर्यंत गायल्या. खाली बसताना माझ्या पाठीत धपाटा घातला. "मेले होते की गं मी," म्हणाल्या. बाई माझ्याकडे न बघता ढोल आवळत बोलल्या, "आली एकदाची."

सगळ्यांना वाटलं मी आनंदाने रडत बाहेर गेले. काकू कलिंगडाची फोड घेऊन मागे आल्या. मी रागाने रडत होते, दासोल. इतकं सोपं होतं ते. दोन शब्द. एक श्वाससुद्धा पुरा लागला नाही.

आता सांगते. दोन वर्षांपूर्वी त्या स्पर्धेत तू स्टेजवर अडलीस तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आपण दोघीही आईला म्हणालो की दिव्यांमुळे काही दिसत नव्हतं. मी पहिल्या रांगेत मध्ये बसले होते, गरम पाण्याचा थर्मास मांडीवर. ढोलवाल्याने तुझ्यासाठी दोनदा हाक दिली. परीक्षक दगडासारखे बसलेले, प्रेक्षकांत सगळे दुसऱ्या स्पर्धकांचे घरचे, ते कशाला तोंड उघडतील. राहिले मी. तू माझ्याकडे बघत होतीस. मला जागा कळली होती. मला तुझी पुढची ओळसुद्धा येत होती, सोळा वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेली. मी घाबरून गप्प बसले असं तुला सांगितलं मी. तू "हो, असं होतं" म्हणालीस. त्यानंतर तू गायली नाहीस, बुसानला जाऊन बेकरीत पाव भाजायला लागलीस, आणि आई सगळ्यांना सांगते की धाकटीच्या मनाने घेतलं.

मी घाबरले नव्हते. सकाळी मेकअपच्या खोलीत मी तुझ्या केसांत पिना लावत होते, आणि तुझी ती सोल शहरातली मैत्रीण आत आली. तू आरशातून म्हणालीस, "ही माझी ताई. हिला गाण्यातलं काही कळत नाही, पण पिना फार छान लावते." तू हसत म्हणालीस. प्रेमानेच म्हणालीस, तेही मला कळलं. पण तुला आठवतं का, तुझ्या आधी मला नेलं होतं आईने तुझ्या त्या गुरूंकडे. मी बारा वर्षांची. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, मोठीचा घसा कोरडा आहे, धाकटी गाते का. त्या दिवसापासून मी पिना लावतेय. आणि तू स्टेजवरून माझ्याकडे बघितलंस तेव्हा माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं. मला गाण्यातलं काही कळत नाही ना. मग मी कशाला ओरडू. एवढंच. एवढ्यासाठी. मग तू वाकून नमस्कार केलास आणि आत गेलीस, आणि मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसले.

हे मी दोन वर्षं कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्यात लोकांना तोंड उघडा, आ करा, अजून मोठं, असं दिवसभर सांगते, आणि स्वतः हे दाबून बसते. माफ कर असं लिहायला मी हे लिहीत नाहीये. ते तू फोन उचलला असतास तरी म्हणता आलं असतं, आणि तू पुन्हा "हो, असं होतं" म्हणाली असतीस, आणि मी पुन्हा सुटले असते.

लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. शनिवारी दुपारी तीनला इथे शेवटचा कार्यक्रम आहे, शाळेच्या त्याच वर्गात. घरचे येतात, कलिंगड असतं, गाळलेली पांढरी तांदळाची दारू असते. बाई म्हणाल्या, गाऊन गेल्याशिवाय कुणाला सोडणार नाही, तुलाही नाही. मी तुकडा मागून घेतला, तू जिथे थांबलीस तो. "तुझ्या घशाला झेपणार नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि ढोल पुढे ओढला. शब्द मला झोपेत येतात, पण आज दगडावर उभी राहून म्हटलं तर त्याच ओळीला सगळं कोरं. चार वेळा. शनिवारी मी तिथेच अडकणार, हे मला आत्ताच माहीत आहे. बुसानहून सकाळच्या बसने निघालीस तर वेळेत पोचशील, स्टॅंडवर किल काकांची बायको पांढरी गाडी घेऊन येणार आहे, तिला माझं नाव सांग. पहिल्या रांगेत मधली उशी मी धरून ठेवते. मी अडले की तुझ्याकडे बघीन. मल्सुन काकूंना सांगून ठेवलंय, बाईंनाही, बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. तूही उघडू नकोस. गप्प बस. ते तिथे उभं राहून किती लांब असतं, ते मला बघायचंय. त्याच्या पुढे काय करायचं ते तू ठरव.

तुझीच,
पिना लावणारी ताई