डबा वाजला की गुलाल येतो

१३ ऑगस्ट, सातारा
नाक कापलं गेलं आज. परेडची रंगीत तालीम. आमचं पोलिसांचं घोडेस्वार पथक ओळीत, साहेब समोर. बँड सुरू झाला आणि माझा घोडा गुलाल ओळ सोडून सरळ तिकडे. मी लगाम ओढतेय, टाच मारतेय, हा कसला ऐकतोय. मोठ्या ढोलवाल्यापुढं थांबला आणि ढोलाला तोंड लावून चंदीचा दाणा शोधायला लागला! अख्खं मैदान हसलं.

चूक माझीच. आवाजाची भीती मोडावी म्हणून नव्या घोड्याला चंदीच्या वेळी डबा वाजवून दाखवतात. थोडे दिवस. मी वर्षभर वाजवला. शिवाय वडूजच्या घरून माझ्या आबांची हलगी आणून तीही बडवली. भीती गेली, तिच्या जागी भूक आली.

साहेब म्हणाले, "माने, गणपती झाले की याचं नाव कमी करायचं." म्हणजे लिलाव. जाधव माझ्याच पथकातला, पण जीभ तिखट. "लग्नाच्या वरातीत लय शोभंल गड्या, बँड हायच की तिथं!"

१५ ऑगस्ट
परेड झाली. मी आणि गुलाल पागेतच. लांबून बँड ऐकू आला तसे गुलालनं कान टवकारले, रिकाम्या बादलीला लाथ मारली. घोड्यांचं बघणारे तुकामामा म्हणाले, "आवं ताई, त्याला वाटतंय आज सरकारी जेवण हाय." मी हसले. मग खरारा करता करता रडलेही.

आबांना फोन. ते लष्करातले, रडणं खपत नाही. "घोडामैदान जवळच हाय. आत्ताच कशाला डोळं गाळतीस?"

२० ऑगस्ट
डबा बंद केला. चंदी गुपचूप पुढं ठेवते. तर तोंड लावेना! माझ्याकडे बघत उभा, वाजव की म्हणून. इथंच घोडं पेंड खातं. शेवटी आज हळूच दोन टिचक्या मारल्या. लगेच खाल्लं. हरले मी.

२ सप्टें.
सांगलीला विसर्जनाचा बंदोबस्त. जाधवच्या घोडीचा पाय सुजला, म्हणून नाइलाजानं यादीत गुलालचं नाव. साहेब: "ढोलांपासून लांब ठेवा त्याला. मागच्या गल्लीत." बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

६ सप्टें., सांगली
गणवेशही न उतरवता लिहायला बसलेय. आनंदानं!

नदीकडच्या वळणावर गर्दी तुंबली. पुढं ढोलपथक, मागून दुसरं मंडळ, मधे एक गरोदर बाई चक्कर येऊन पडलेली. रुग्णवाहिका आत शिरेना. साहेबांनी घोडे घालायला सांगितलं. पुढचे दोन्ही घोडे ढोलाच्या दणक्यानं मागं सरकायला लागले, एक तर मागच्या पायांवर उभा. बायका किंचाळल्या. मग साहेबांनी वायरलेसवर मला गल्लीतून बोलावलं. मी लगाम सैल सोडला.

गुलाल निघाला. ना घाई, ना भीती. जेवायला निघाल्यासारखा. लोक दोन्हीकडे सरकत गेले, पाठोपाठ रुग्णवाहिका. इतक्यात कुणीतरी ढोल थांबवायला सांगितलं. थांबले. गुलालही थांबला! भर गर्दीत, मधोमध. रिकिबीत उभी राहून ओरडले, "थांबू नका! वाजवा!" लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण ढोलवाल्या पोरींनी काठ्या उचलल्या, वाजायला लागलं, आणि माझा राजा पुन्हा चालला.

बाईला उचलून गाडीत घातलं, आल्या वाटेनं गाडी बाहेर. गुलालचं तोंड ढोलाला लागलेलं. एका पोरीनं खोबरं भरवलं. कडेची आजी म्हणाली, "ह्यो लय गुणाचा हाय गं बाई." मी त्याच्या मानेत तोंड खुपसून घेतलं. जिंकलो आम्ही. लिहून ठेवते: जिंकलो.

७ सप्टें.
बाई सुखरूप, पोटातलं बाळही. जाधव गुळाचा खडा घेऊन आला. माझ्यासाठी नाही, गुलालसाठी. "वरातीचं काय बोललो ते इसर," म्हणाला. विसरले.

९ सप्टें., सातारा
संध्याकाळी चंदीच्या वेळी साहेब पागेत. एकटे. तुकामामा ताठ उभे, मी सॅल्यूट ठोकला. नाव कमी करायचा कागद वर गेलाय म्हणाले, परत मागवायचा प्रयत्न करतायत. होईल की नाही, सांगता येत नाही.

मग म्हणाले, "माने, सव्वीस जानेवारीला बँडच्या मागं चालेल का हा?"

"सर, बँडच्या मागं तो कराडपर्यंत चालेल."

हसले नाहीत. खुंटीवरचा डबा काढला, इकडंतिकडं बघितलं आणि वाजवला. गुलाल आला, साहेबांच्या गणवेशाच्या खिशात तोंड घातलं. मला वाटलं आता ओरडणार. ते डबा वाजवतच राहिले.