सिद्धार्थ आता गाणार नाही

परळी, रविवार संध्याकाळ

आमच्या रॉक बँडचं पेज मी सांभाळतो. चाहते रोज विचारतात, नवीन गाणं कधी? मी आपलं 'लवकरच' लिहीत होतो. किती दिवस लिहिणार? आज गायक सिद्धार्थला भेटायला त्याच्या गावी, युसूफ वडगावला गेलतो. घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज पार बसलाय. आमच्या जुन्या प्रॅक्टिसचं एक रेकॉर्डिंग सापडलं होतं. त्याला ऐकवावं की नाही, रस्ताभर ठरेना. शेवटी ऐकवलं. स्वतःचाच मोकळा आवाज तो डोळे मिटून ऐकत राहिला. काय आवाज होता! मला त्याच्याकडे बघवेना.

मग घोगऱ्या स्वरात म्हणाला, "हे टाक पेजवर. आन खरं लिव, मी आता गाणार न्हाई. पुढची गाणी सलीम म्हणंल."

"आपला ड्रमर? लई बेसुरा हाय की तो!"

"मी शिकवतो त्याला."

घरी येऊन तसंच लिहिलं. सोबत ते रेकॉर्डिंगही टाकलं. लगेच सलीमचा त्याच्या गॅरेजमधून फोन. "मला न विचारता माझं नाव काहून टाकलं बे?"

सिद्धार्थ स्वतः शिकवणार असल्याचं मी सांगितलं. मग हळूच म्हणाला, "पहिलं कोणतं गाणं बसवायचं म्हणतोय सिद्धार्थ?"