ओहायोचे आमदार आणि आमचा व्हिसा

प्रिय आमदारसाहेब,

दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या परक्या माणसाला पत्र लिहिणं वेडेपणाच आहे. पण फोनकडे बघत बसण्यापेक्षा बरं. माझा नवरा महेश मघाशीच ऑफिसला गेला आणि आज तिथे तो जे बोलणार आहे, त्याला निम्मे जबाबदार तुम्ही आहात.

तुम्ही इथे आखातात, आमच्या घरात शिरलात ते आमच्या लेकीच्या, ईराच्या अमेरिकन शाळेमुळे. प्रत्येक मुलाने एकेक जुना पुढारी होऊन भाषण करायचं. बाकीच्यांना राष्ट्राध्यक्ष मिळाले, आमच्या वाट्याला अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विधानसभेतले तुम्ही! शिंप्याचा मुलगा, शिकून वकील झालात, निवडून आलात. मग काळ्या मुलांनाही शाळा हवी म्हणून भर सभागृहात एकटेच उभे राहिलात. आमदारकी गेली, घरावर दगड आले, गाव सोडावं लागलं.

तुमच्या बायकोबद्दल पुस्तकात एकच ओळ आहे, तिने घर आवरलं म्हणून. बोलण्याआधी तिला विचारलं होतंत का हो?

ईरा रोज हॉलमध्ये तुमचं भाषण म्हणायची आणि महेश जेवता जेवता थांबायचा. तो एका बांधकाम कंपनीत एचआरला आहे. २००८ च्या मंदीपासून आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेनसुद्धा हललेल्या नाहीत. कंपनीने त्याला सांगितलंय, कामगारांना सुट्टी म्हणून गावी पाठव आणि मागे व्हिसा रद्द कर. परत यायचंय म्हणून ते बिचारे सामान कामगारांच्या कॅम्पवरच ठेवून जातात. हक्काचे पैसेही बुडतात.

काल तो म्हणाला, "उद्या मी कामगारांना खरं सांगणार आहे. मॅनेजर म्हणेल, खलास, तुझी नोकरी संपली. चालेल तुला?"

"आपलाही व्हिसा कंपनीच्याच हातात आहे, महेश. ईराचं वर्ष अर्धं राहिलंय."

"म्हणून तर विचारतोय."

ईरा वहीतून मान वर करून म्हणाली, "बट बाबा, दे डोन्ट नो?"

मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या, हे अगदी ओठांवर आलं होतं. सकाळी मुकाट्याने डबा दिला.

खरं सांगू? तुमचा रागच येतो. परत जायचं तर पुण्यात तरी आत्ता नोकऱ्या कुठे आहेत? दाराची बेल वाजली तरी दचकते आहे मी.

पण शब्द देते. तो घरी आला की 'नोकरी राहिली का?' हे आधी विचारणार नाही. 'त्यांना सांगितलंस ना?' एवढंच विचारेन.

तुमच्यावर रागावलेली,
ईराची आई