बेहड्याखालची माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार
शिष्यवृत्ती समितीची बैठक. मला समितीत का घेतलं हे प्राचार्यांनी लपवलं नाही. "संस्कृतला यंदा मुलं कमी आहेत, तुम्हाला वेळ असेल." वेळ होता. चहाही बरा होता.
विषय असा: सरकारी लॉटरीच्या उत्पन्नातून कॉलेजला धावण्याचा ट्रॅक उन्हाळ्यातच मिळाला. आता त्याच पैशातून खेळाडूंना शिष्यवृत्त्या येताहेत. घ्यायच्या का? अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या, गरिबाच्या खिशातून काढायचं, गरिबाच्या मुलीला द्यायचं आणि वर हारतुरे स्वीकारायचे. खेळाचे फर्नांडिस सर उसळले. "मॅडम, ट्रॅक घेतला तेव्हा कोणाची तत्त्वं जागी नव्हती. आता पोरांच्या हातात काय पडायची वेळ आली तर लगेच?"
मी म्हणाले, पूर्वीचे राजे जुगारअड्ड्यांवर कर घेत आणि त्यातून पाणपोया बांधत. पाण्याला वास आल्याचं कोणी लिहून ठेवलेलं नाही. सगळे हसले. ठराव मंजूर. संस्कृतचा इतका रोकडा उपयोग बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.
पहिलं नाव तन्वीचं निघालं तेव्हा उठून व्हरांड्यात उभी राहिले. सख्खी भाची. मी नसताना दिली, म्हणजे मी दिली नाही. असं आपलं.

९ नोव्हेंबर, रविवार
सुलू भांडुपहून आली, डब्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं. धाकटी बहीण असून मला उपाशी समजते. तन्वी तिची. कॉलेज इथे मुलुंडला, सराव पहाटेचा, म्हणून आठवडाभर माझ्याकडे असते. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतलं तिच्या बाबांचं काम सुटल्यापासून त्या घरात तिच्या शिक्षणाबद्दल हळू आवाजात बोलतात. शिष्यवृत्ती टिकली तर पदवी आणि धावणं दोन्ही. नाहीतर कुठल्यातरी मॉलमध्ये काउंटर.
सुलू म्हणाली, "लॉटरीचे म्हणजे हरलेल्यांचेच पैसे ना गं ताई?"
"सगळे कर हरलेलेच भरतात."
"हे तुझं नेहमीचं. एक वाक्य टाकतेस आणि मग तुला छान झोप लागते."
त.ने (पूर्ण नाव लिहायचा आळस) तिसऱ्या संपवत निकाल दिला. "आई, चिल ना. ते देणार, मी धावणार. सिंपल."

१९ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी त.बरोबर मैदानावर गेले. ट्रॅक लाल, नवा, पायाला मऊ. डोंगराकडच्या वळणावर एक जुना बेहडा आहे, तो तोडू दिला नाही म्हणून ट्रॅक त्याला वळसा घालून गेलाय. बेहड्याच्या फळांचे पूर्वी फासे करत. कोशात त्याची आणखी दोन नावं सापडतात: कलिद्रुम आणि भूतवास. लॉटरीच्या मैदानावर नेमकं हेच झाड उभं असावं, हा विनोद कोणाचा ते कळत नाही. माझा नाही.
झाडाखाली चार-पाच पुरुष उभे होते, हात मागे बांधून. मला वाटलं सकाळचे फिरायला येणारे. पण ते फिरत नव्हते.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. चारशे मीटर, त. पहिली. मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे वर्गात कधी कळलं नव्हतं.

१ डिसेंबर, सोमवार
संध्याकाळी दारात साटम, पेढ्यांचा पुडा घेऊन. स्टेशनजवळ लॉटरीच्या तिकिटांचा स्टॉल चालवतात तेच. पूर्वी गिरणीत होते. आजवरची ओळख म्हणजे लांबून मान हलवण्यापुरती.
"बाई, चेडवाच्या छातीवरचो नंबर होतो ना? त्रेसष्ट?"
"तन्वीचा? असेल."
"शेवटचे दोन आकडे त्रेसष्ट. शनिवारच्या सोडतीत लागलो. आमच्या स्टॉलवरच्या सगळ्यांका थोडो थोडो."
त. खूश. "मावशी, मी लकी आहे यार!" पेढे चांगले होते. मी दोन खाल्ले.

५ डिसेंबर, शुक्रवार
झाडाखाली आता बरीच माणसं. शिट्ट्या नाहीत, मोबाइल काढत नाहीत, आपसांत बोलतही नाहीत. वात्रटपणा केला असता तर वॉचमनला सांगता आलं असतं. नुसतं सभ्यपणे उभं राहणाऱ्याची तक्रार कशी करायची?
फर्नांडिस सर गेले विचारायला. "काय साटमकाका, काम काय इकडे?"
"काम काय नाय, सर. आमच्याच पैशांचा मैदान ना ह्या? बघतो कशी धावता ती."
सर परत आले. "मॅडम, यावर काय बोलायचं?" मला बोलायला हवं होतं. पाणपोईवाली मीच.

११ डिसेंबर, गुरुवार
त्यांना त.च्या वेळेतले सेकंदांनंतरचे शेवटचे दोन आकडे हवे असतात, हे लक्षात आलं. सर घड्याळ पाहून वेळ ओरडतात, झाडाखाली ओठ हलतात, आणि माणसं स्टॉलकडे निघतात. आजपासून सरांनी ओरडणं बंद केलं. घड्याळ मुठीत, मूठ खिशात.
तरी ती पोचल्यावर झाडाखाली माना हलल्या. समजल्यासारख्या.

१५ डिसेंबर, सोमवार
त. जेवली नाही. बराच वेळ भात चिवडून झाल्यावर म्हणाली, "एक विचित्र सांगू? हसायचं नाही."
"माझ्याकडून हमी नाही."
"आधी माझा आकडा संध्याकाळी लागायचा. आता संध्याकाळी लागलेला आकडा मी दुसऱ्या दिवशी सकाळी धावते."
मी व्याख्यान दिलं. रोज कुठली ना कुठली सोडत असतेच, दोनच आकडे जुळायचे असतात, जुळलेले लक्षात राहतात आणि न जुळलेले माणूस विसरतो. छान झालं व्याख्यान. तिने सगळं ऐकून घेतलं.
"मी मुद्दाम हळू धावून पाहिलं, मावशी. तरी शेवटी तेच दोन. मी धावत नाहीये. माझा नंबर काढतायत."
ती झोपल्यावर रद्दीतून सोडतींचे निकाल छापलेली वर्तमानपत्रं काढली. सरांना फोन करून वेळा विचारल्या. पहिले तीन दिवस जुळले. चौथा मी पाहिला नाही.

२० डिसेंबर, शनिवार
सुलू स्टेशनात उतरून माझ्याकडे यायला निघाली आणि मधेच थबकली. साटमांच्या स्टॉलवर तन्वीचा फोटो. पेपरातला कापून, मोठा करून, फ्रेम केलेला. त्याला झेंडूचा हार. खाली उदबत्ती.
सुलूचा फोन आला तेव्हा मला फक्त रडणं ऐकू आलं. धावत गेले. (माझ्या वेळेची कोणी नोंद घेतली नाही हे बरं.)
साटम हात जोडून उभे. "वैनी, गणपतीच्या फोटोक घालतो तसो घातलंय. मानान. वायट मनात नाय काय."
"जिवंत आहे हो माझी मुलगी! जिवंत आहे!" सुलू. रस्ता थांबून पाहत होता.
हार तिथल्या तिथे उतरवला त्यांनी. पण माझ्या मनातून उतरत नाही. फोटोला हार दोघांच्याच असतो, देवाच्या आणि गेलेल्याच्या. जिवंत माणसाचा हार गळ्यात पडतो. हे साटमांना माहीत नाही असं नाही. त्यांनी तिला दोघांपैकी कशात धरलं होतं ते मी विचारलं नाही. काचेवर कुंकू लावलेलं होतं, बरोबर तिच्या कपाळावर.
सुलूने फोटो पिशवीत घातला. पालथा.

२१ डिसेंबर, रविवार
"नाकारून टाक ते पैसे. मी घेऊन जाते हिला," सुलू म्हणाली. "मग शिक्षण?" मी विचारलं. "लागेल कुठेतरी काउंटरवर. तिथे कोणी ओवाळणार तरी नाही."
त. म्हणाली, "मला धावायचंय." मग बूट बॅगेत टाकत, "पण त्यांच्यासाठी नाही."
दोघी गेल्या. सरांनी फोनवर सांगितलं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत होकार कळवायचा. नाहीतर शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या नावाला.

२९ डिसेंबर, सोमवार
त. आठवडाभर भांडुपलाच. मी उगाच मैदानावर गेले.
माणसं होती. ट्रॅक रिकामा. मी जवळ जाऊन सांगणार होते की ती येणार नाही, घरी जा. तेवढ्यात त्यांच्या माना वळू लागल्या. सगळ्यांच्या, एकदमच. अलीकडच्या सरळ पट्ट्यावरून वळणाकडे, वळणावरून पलीकडे, तिथून परत अलीकडे. धावत्या माणसावर नजर ठेवतात त्या वेगाने. शेवटी माना हलल्या आणि माणसं निघाली.
फर्नांडिस सर शेजारी उभे होते. विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"
"मी काय नाय पाहिलं, मॅडम." आणि खिशातून घड्याळ काढून बंद केलं. चालू होतं.

४ जानेवारी, रविवार
बेहड्याखालून मूठभर फळं आणली होती, पर्समध्येच राहिली. आज टेबलावर ओतली. जुनी रीत अशी: चार-चार बाजूला काढत जायचं आणि काय उरतं ते पाहायचं. काही न उरलं तर कृत, सर्वांत शुभ. एक उरलं तर कली, हरलात. एम.ए.ला हे शिकवताना मुलं पहिल्यांदा जागी होत.
एक उरलं. मी ते कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा मोजली. पुन्हा एक उरलं. म्हणजे पहिल्यांदा मोजण्यात चूक झाली असणार. तिसऱ्यांदा मोजली नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार
संध्याकाळी दारात त., बॅग आणि बूट घेऊन. तिला २९ तारखेचं सरांनी सांगितलं. (काय नाय पाहिलं म्हणे!)
"मी नसले तरी धावतेच आहे तिकडे. मग माझं मीच धावलेलं बरं ना?"
यात तर्कदोष शोधला. सापडला नाही.
मागोमाग सुलूचा फोन. भांडेल वाटलं होतं. आवाज एकदम बारीक. "ती ऐकत नाही. ताई, तू सांग आता. होकार द्यायचा की नाही? समितीत फार छान बोललीस म्हणे."
वाक्य टाकता आलं नाही. म्हणाले, कळवते.

१३ जानेवारी, मंगळवार
स्टॉलवर गेले. फोटोच्या जागी खिळा. साटमांनी स्टूल पुसून दिलं.
"साटम, येऊ नका तुम्ही तिथे. मुलगी घाबरते."
"आमी काय करतो, बाई? नुसते उभे रवतो."
"तेच करू नका. आणि कितीजण जिंकतात हो एवढं उभं राहून?"
हसले. दात थोडेच, पण हसू चांगलं. "जिंकता कोण? एकदा लागलो तो लागलो. सगळे हरतंत. पण आयुष्यभर हरलो, ते पैसे गेले खंय, कधी दिसला नाय. आता रोज सकाळी दिसता. लाल वाटेवरसून धावता." मग तिकिटांची चळत सारखी करत, हवापाण्याचं बोलावं तसं, "आणि आकडो आधीच असता. चेडू फक्त तो आणून देता."
"तिने आणला नाही तर?"
"आणता," साटम म्हणाले. "थांबूचा लागता."
मी तिकीट घेतलं नाही. हे लिहून ठेवते, कारण हात पर्सकडे गेला होता.

१५ जानेवारी, गुरुवार
आज संध्याकाळपर्यंत होकार किंवा नकार. त. म्हणाली, "एकदा धावते, मग सांगते. तू चल."
डोंगराकडून दाट धुकं. झाड दिसत नव्हतं, पण खाली माणसं आहेत हे कळत होतं. सरांनी घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "तुम्ही घ्या आज. मला नको." आणि शिटी वाजवली.
तिची पावलं ऐकू आली, मग ऐकू येईनाशी झाली. मी रेषेवर उभी. अंगठा बटणावर. मनात म्हटलं, मी आकडा बघणारच नाही, नुसतं दाबायचं.
ती पोचली असं वाटलं आणि दाबलं. आणि बघितला. दोन्ही आकडे नीट वाचले, मनात म्हटलेसुद्धा. मग मान वर केली.
रेषेवर कोणी नव्हतं. धुक्यातून माणसं येत होती, झाडाकडून फाटकाकडे, काम झाल्यासारखी. एकेकाने माझ्याकडे पाहून अदबीने मान हलवली. साटम सर्वांत शेवटी. मी घड्याळ पाठीमागे लपवलं. ते म्हणाले, "ऱ्हवां दे, बाई. कळला." आणि गेले.
त्यानंतर कुठे पलीकडच्या वळणावर तिची पावलं वाजू लागली. अजून बरीच लांब होती ती.
सर म्हणाले, "मॅडम, चला, झालं." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि रेषेवरच थांबले. ती येईपर्यंत तिथे कोणीतरी असायला हवं ना.