या टोकाला माणूस लागत नाही

३ मार्च, सोमवार

साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघू. म्हणजे महिनाभर मी घरून काम करायचं. जमलं तर ठीक. नाहीतर रजा संपलेलीच आहे – अप्पांना एकटं टाकून ऑफिसला जा, किंवा नोकरी सोड. अप्पांची डावी बाजू गेल्यापासून त्यांना पाण्याचा पेला धरायलाही माणूस लागतो. हिची रुग्णालयातली पाळी सकाळी सातला सुरू होते. दुसरं आहे कोण?

अडचण एकच. पार्सल कंपनीत माझ्याकडे हरवलेल्या सामानाच्या तक्रारी. त्यांचा प्रोग्राम ऑफिसातल्या माझ्याच कॉम्प्युटरवर उघडतो, दुसरीकडे नाही. माझ्याकडेही खुशीने उघडतो असं नाही.

४ मार्च

घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची सोय झाली. इथे बाण हलवला की तिथे हलतो! अप्पांना दाखवलं. "मग इतकी वर्षं तिथे जाऊन काय करत होतास?" म्हणाले. डावी बाजू गेली, पण जीभ शाबूत आहे.

फक्त दर वेळी जोडताना तिथे कोणाला तरी 'मान्य'वर टिचकी मारावी लागते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना गळ घातली. त्या आढेवेढे घेत हो म्हणाल्या.

७ मार्च

दर तासाला जोडणी तुटते. बाई चहाला गेल्या की मी लटकलो. आज त्यांना नऊ फोन केले. नवव्यांदा त्यांनी 'मान्य'ऐवजी 'नाकारा' दाबलं. चुकून, म्हणाल्या. चुकून वगैरे काही नाही!

१० मार्च

शेजारच्या काकूंना दोन तास अप्पांजवळ बसवून ऑफिसला गेलो. कॉम्प्युटर दुरुस्तीवाले गृहस्थ आले होते. त्यांनी कायमचा पासवर्ड बसवून दिला – आता 'मान्य' करायला कोणी नको. कॉम्प्युटर मधेच झोपायचा, तेही बंद केलं. गृहस्थ हात झटकून म्हणाले, "आता या टोकाला माणूस लागत नाही."

काय बरं वाटलं ऐकून! येताना अप्पांसाठी मऊ उशी घेतली.

११ मार्च

जोडणी नाही. कॉम्प्युटर बंद.

सफाईच्या मावशी जाताना सगळं बंद करतात. तसा नियमच आहे. नियम मीच टाइप करून भिंतीला लावला होता. आता बाईंकरवी कॉम्प्युटरवर कागद चिकटवला – 'बंद करू नये'.

१२ मार्च

पुन्हा बंद! मावशींना फोनवर बोलावलं. त्यांचं म्हणणं, कागद कॉम्प्युटरवर होता, कॉम्प्युटरला त्यांनी हात लावला नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यावर कुठे कागद होता? बाईंकरवी बटणावर दुसरा कागद लावला.

१४ मार्च

चालू! सलग सहा तास. एकतीस पत्रं गेली. 'आपल्या सामानाचा शोध चालू आहे.' शोध कोणीच करत नाही, पण पत्र वेळेवर जातं.

माणसाशिवाय बाण हलतो हे बघायला वरच्या मजल्यावरचे लोक येतात म्हणे. साहेबांनी मात्र खुर्चीवर माझा कोट टाकून ठेवायला सांगितलंय. आमच्याकडे हजेरी कोटावर ठरते. जावक विभागातले एक गृहस्थ निवृत्त होऊन चार महिने झाले. कोट न्यायला विसरले, म्हणून अजून हजर आहेत.

१९ मार्च

साहेबांचा फोन. सगळं लिहून द्या म्हणाले – पासवर्ड, कामाचा क्रम, कुठल्या तक्रारीला कुठलं उत्तर. उद्या मी आजारी पडलो तर काम अडायला नको. एवढी काळजी या माणसाने माझी कधी केली नव्हती. उगाच बोल लावत होतो त्यांना.

२३ मार्च, रविवार

बावीस पानं झाली! एकही खाचखळगा सोडला नाही. चिडलेल्या माणसाला उत्तर देताना 'खेद' कुठे घालायचा आणि 'परंतु' कुठे, हेसुद्धा लिहिलं. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, गंमत नाही. हिने चाळून पाहिलं. इतकं सोपं करून सांगायचं असतं का, म्हणाली. तुला ऑफिसातलं काय कळतं, म्हटलं. तिने पानं जुळवून माझ्या हातात दिली.

२६ मार्च

साहेब बेहद्द खूश. कालपर्यंत या कामातलं काही न कळणारा माणूसही आता ते करू शकेल, म्हणाले. इतकं कौतुक पहिल्यांदाच!

आणि अप्पा आज माझा खांदा धरून चार पावलं चालले. चार! मी घरी होतो म्हणून दिसलं. इथे लिहायला काय हरकत – इतका सुखी मी कित्येक वर्षांत नव्हतो.

२८ मार्च

पुढेही असंच चालू राहील का, म्हणून साहेबांना विचारलं. "घरून काम उत्तमच चाललंय," म्हणाले. सुटलो!

३१ मार्च, सोमवार

नऊला जोडलं. बाण आधीच हलत होता. बाईंना फोन केला. खुर्ची रिकामीच आहे, म्हणाल्या. माझ्या डोळ्यांदेखत एक पत्र पुरं झालं, दुसरं उघडलं. मी त्यातच मधे टाइप केलं – कोण?

बाण थांबला. मग अक्षरं आली – 'मी नवीन. या कामावर आजपासून, घरूनच. आपण कोण?'