काठावरचा दिवा

नाशिक,
६ एप्रिल २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि माती भरलेला डबा, दोन्ही पोचले. डब्यावर लोणच्याचं लेबल असल्याने तुझ्या वहिनीची घोर निराशा झाली. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस, पत्रात मात्र सासूबाईंपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांची खबर घेतेस. म्हणून आपली ही टपालाची हौस चालू राहू दे.

माझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. समाचाराला आलेल्या आमच्या विज्ञानाच्या तेजलबाईंनी तुझ्या महेशरावांच्या द्राक्षबागेतल्या त्या पांढऱ्या खड्यांवर ॲसिडचे थेंब टाकले. माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. मी पडलो संस्कृतचा मास्तर, मला फेस दिसला. त्यांना कर्बवायू दिसला. त्या म्हणाल्या, हा वायू पावसाच्या पाण्यातून आणि मुळांच्या श्वासातून मातीत उतरतो, तिथे त्याला कॅल्शियम भेटतं आणि चुनखडी होऊन तो हजारो वर्षं गप्प बसतो. ऋषीच म्हण ना. पूर्वी तपोभंगासाठी इंद्राला अप्सरा धाडावी लागे. महेशरावांचं काम ॲसिडच्या कॅनवर भागतं.

पानं पिवळी पडतात म्हणून ते ठिबकमधून ॲसिड सोडतात, हे समजलं. पण सुटलेला वायू जातो कुठे? उघड्या शेतात उडून जातो म्हणे. मात्र तो हवेपेक्षा जड, खड्डा मिळाला तर तिथेच मुक्काम ठोकतो. एवढं सांगून बाई दहावीचे पेपर तपासायला गेल्या. मी अजून त्या खड्ड्यापाशीच आहे. ठिबकच्या नळ्या धुतलेलं ॲसिड तुम्ही कुठे ओतता, ते कळव.

सासूबाईंना नमस्कार. लोभाचा तुझ्याकडे मोठा साठा आहे, त्यातला थोडा इकडे सोडत जा.

तुझा,
भारतदादा

*

दिंडोरी,
१६ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

लोणचं पुढच्या डब्यात. तेजलबाईंचं फारच कौतुक चाललंय, वहिनीच्या कानावर घालू का?

नळ्या धुतलेलं ॲसिड आम्ही जुन्या विहिरीत ओततो. तिला दोन वर्षं पाणी नाही, आणि बाजू सगळ्या चुनखडीच्या. ओतलं की खालून भात शिजल्यासारखा आवाज येतो. शेजारचे मल्हारीभाऊही त्यांच्या विहिरीत असंच करतात; यांनी त्यांचंच बघून सुरू केलं. एक सांगायचं राहिलं. कपारीतली कबुतरं हल्ली दिसत नाहीत. काही उडून गेली असतील. काही खाली पडलेली दिसतात.

आता विहिरीतला गाळ काढून ती खोल करायची आहे. सोमवारी सकाळी हे स्वतः उतरणार, दुपारी मल्हारीभाऊ त्यांच्या विहिरीत. सासूबाई म्हणतात, आमच्या काळी विहिरीला दिवा दाखवल्याबिगर कोणी उतरत नव्हतं. तेवढं आम्ही करूच. काठावर नारळ, हळदकुंकू आणि तुपाचा दिवा. तुला एखादा श्लोक सुचला तर पाठव, म्हणजे पूजा शहरी वाटेल.

अवकाळीने टॉवर पडलाय, फोन बंद आहेत. तेव्हा लोभ टपालानेच येऊ दे.

तुझी,
भाग्यू

*

नाशिक,
२० एप्रिल २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. फोन लागत नाही आणि हा पाय मला जिना उतरू देत नाही. तुमच्या गावचा मनोज इथल्या बाजारात भाजी टाकून उद्या सकाळी पिकअपने परततो आहे, त्याच्या हाती हे पाठवतो. त्याला सांगितलंय, वाटेत चहालासुद्धा थांबू नकोस.

श्लोक पाठवत नाही. काठावरचा दिवा देवाला दिसेल, पण तळाशी काय आहे ते तुम्हाला सांगणार नाही. दिवा दाखवणं म्हणजे तो दोराला बांधून खाली सोडणं. सासूबाईंना विचार, त्यांना आठवेल. आपण माणसं आधी कामाची पूजा करतो, मग पूजा करून काम झालं असं समजतो.

चुनखडीवर ॲसिड ओतून तुम्ही तो जड वायू विहिरीत भरून ठेवला आहे. त्याला रंग नाही, वास नाही. कबुतरं उडून गेलेली नाहीत, भाग्यू.

दिवा विझला तर कोणीही उतरायचं नाही. टिकला तरी पंख्याने खाली हवा सोडल्याशिवाय नाही. आणि कोणी आत पडलंच, तर त्याला काढायला मागोमाग उतरायचं नाही. तो कोणीही असो. हे वाक्य महेशरावांना दोनदा वाचून दाखव.

लोभ नंतर. आधी उत्तर.

भारतदादा

*

दिंडोरी,
२३ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे सुखरूप आहेत. ते आधी लिहिते.

मनोज आला तेव्हा यांनी कमरेला दोर बांधला होता. काठावरचा दिवा छान जळत होता. सासूबाईंनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि कोणाशी न बोलता तो दिवा घमेल्यात ठेवून खाली सोडला. पहिल्या कपारीशी विझला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच. वारा नव्हता. कोणीतरी वात चिमटीत धरावी, तसा विझत होता. यांनी दोर सोडला आणि तिथेच बसून राहिले.

मल्हारीभाऊंनी बांधावरून विचारलं, तर यांनी दोर कच्चा निघाला म्हणून सांगितलं. एवढी पूजा मांडून दिव्याला भ्यालो, हे सांगायची लाज वाटली. ते हसले, म्हणाले की द्राक्षवालाच दोराला भ्यायला लागला तर वेली कोण बांधणार. मीही हसले, दादा.

दुपारी त्यांच्या बायकोची, लताबाईंची, किंकाळी आली. मल्हारीभाऊ शिडीवरून उतरता उतरता, झोप यावी तसे सैल पडले आणि खाली गेले. हे धावले. मी यांच्या पायांना मिठी मारून जमिनीवर पडले. लताबाई म्हणत होत्या, त्यांना सोडा, आमचे मालक अजून हलत्यात. खरंच हलत होते. मी सोडलं नाही. हे मला मारत होते, तरी नाही. अग्निशमनवाले मुखवटे घालून उतरले, तोवर सगळं संपलं होतं.

काल मी त्यांच्या घरी गेले. वाटलं, लताबाई मला दारात उभं करणार नाहीत. पण मी यांना धरून ठेवलं, याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. माझाच हात धरून बसवलं. दिव्याचं त्यांना मनोजकडून कळलं होतं. मग एवढंच विचारलं, की तुमचा दिवा सकाळीच इझला व्हता, तर आम्हाला हाक का नाय मारली.

लोभ ठेवायचा की नाही, हे तू ठरव.

भाग्यश्री