सकाळचं पाणी

आय, त्या काचेच्या पेटीबद्दल मी तुझ्याशी कधी नीट बोललो नाही. मोहोपाड्याकडे कारखाने येऊन काही वर्षं झाली होती आणि नाल्याकाठच्या आपल्या विहिरीचं पाणी पिवळं पडायला लागलं होतं. वाडीतल्या बाया डोंगराखालच्या झऱ्यावर जायच्या. तूही दोन हंडे घेऊन जायचीस आणि परत आलीस की गुडघे धरून ओट्यावर बसायचीस. मी तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. उन्हात पाणी तापवून त्याची वाफ धरली तर घाण खाली राहते, एवढं मला ठाऊक होतं. मी पत्र्याचा उथळ ट्रे आतून काळा रंगवला, वर मोडक्या खिडकीची काच तिरपी बसवली. काचेवरून ओघळलेलं पाणी पन्हळीतून बाटलीत जमायचं. दिवसाकाठी जेमतेम तांब्याभर. मोठी पेटी, नवी काच वाडीत कुणालाच परवडली नसती.

सुधारणा केलीस ती तू. पेटीपाशी उकिडवी बसून म्हणालीस, "एवढं पानी कशाला भरतूस रं? बोटभर घाल, लवकर तापंल." मग जुनं गोणपाट काजळीच्या पाण्यात भिजवून ट्रेमध्ये अंथरलंस, खाली भाताचं तूस दाबून भरलंस. खर्च काही नाही, आणि पाणी दुपटीहून जास्त, तुझ्या एकटीच्या पिण्यापुरतं. मी रोज मोजून वहीत लिहीत होतो. त्या उन्हाळ्यात तू झऱ्यावर जाणं सोडलंस. बायांना सांगायचीस, "माज्या पोराचं पानी हाय घरात."

एक दिवस तू तांब्या नाकाशी धरलास. "सकाळच्या पान्याला रंगाच्या डब्यासारका वास येतो रं."

मी चिडलो. "विहिरीचा वास तुझ्या नाकात बसलाय. वाफेत काय येणार?"

तू माझ्यासमोर तो तांब्या पिऊन रिकामा केलास.

आय, वाफेत येतं. कारखान्यांच्या सांडपाण्यातली काही द्रव्यं पाण्याच्या आधी उडतात आणि काचेवर पुन्हा थेंब होऊन बाटलीत उतरतात. प्रयोगशाळेत मी स्वतःच्या हाताने वाफेच्या पाण्याचा पहिला भाग ओतून देत असे. घरीही सकाळचं पाणी टाकून द्यायचं, एवढंच करायचं होतं. पण वहीतला आकडा उतरला असता, आणि तालुक्याचे साहेब पेटी बघायला येणार होते. म्हटलं, ते येऊन जाऊ देत. ते आलेच नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यात तुझे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. खोपोलीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "दारू घेतात का?" तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. धम्मदीक्षा घेतल्यापासून तू घरात बाटली येऊ दिली नव्हतीस. दुखणं कशाने झालं ते कुणी खात्रीने सांगितलं नाही, मलाही सांगता येत नाही. तू गेल्यावर शेजारीण पेटी मागायला आली. मी दिली नाही, आणि का ते सांगितलंही नाही.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून एवढं लिहितो. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं, पाणी कुठलं पिता. तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "झऱ्याचं." तू माझ्याकडे बघितलंस, आणि मान हलवून हो म्हणालीस.